तिसरी ओळ

कारखान्यातल्या कुणाच्या लघवीच्या तपासणीत नशेचं काही निघालं, की तो कागद माझ्याकडे येतो. प्रयोगशाळा आकडे देते. त्यांचा अर्थ लावायचा तो मी, म्हणजे कंपनीच्या डॉक्टरणीने. पण साहेब लोकांना तेवढा धीर कुठला! ‘अफूवर्गीय पदार्थ आढळले’ एवढं वरचं वाचूनच त्यांनी क्रेनवाल्याला तीन दिवस घरी बसवलं होतं. एकोणीस वर्षांची नोकरी आता माझ्या सहीवर अडली होती.

तो आला तो बायकोला घेऊनच. मी तिला बाहेर बसायला सांगणार होते.

“बसू दे तिला,” तो घाईने म्हणाला. “माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

असं म्हणणाऱ्याकडे हमखास काहीतरी असतं. मी कागद पुढे सरकवला. “तीन ओळी आहेत. कोडीन, भरपूर. मॉर्फिन, जरासं, कारण कोडीन पोटात गेलं की शरीरच त्याचं थोडं मॉर्फिन करतं. हेरॉइनची खूण आढळली नाही. म्हणजे तुम्ही खोकल्याचं नाहीतर दुखण्याचं औषध घेतलंय. कुठलं ते सांगा, विषय मिटवू.”

“मी काहीच घेतलं नाही.”

“मग हे कोडीन काय वाऱ्याने आलं?”

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. मला असा संताप आला म्हणता! मी सरळ सांगितलं, “औषध दाखवलं नाहीत तर मला ‘आढळले’ असंच लिहावं लागेल. मग क्रेन विसरा.”

त्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि बराच वेळ दाबून धरलेला खोकला एकदम बाहेर पडला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. मग माझ्याकडे नाही, बायकोकडे बघत म्हणाला, “लॉकरमध्ये बाटली आहे. हातमोज्यांच्या मागे. डॉक्टरनेच दिलीय.”

“मग तीन दिवस सांगायला काय झालं होतं?”

“खोकला कशाने झाला, ते हिने विचारलं असतं.” त्याने मान खाली घातली. “सिगारेट सुटलेली नाही माझी.”

मी कपाळावर हात मारला. “जा, घेऊन या बाटली. पळा!”

आता ही बाई कडाडणार म्हणून मी तयारीत बसले. तिची नजर मात्र कागदावरच होती.

“सिगारेटचं ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “यांचे शर्ट मीच धुते ना.” मग म्हणाली, “मॅडम, माझा धाकटा भाऊ हेरॉइनच्या पावडरीपायी गेला. तोही असंच म्हणायचा, ताई, मी काहीच घेतलं नाही. तीन दिवस यांच्या तोंडून तेच ऐकतेय. हे झोपले की श्वास चालतोय का बघते.”

माझा राग कुठच्या कुठे गेला. इतका वेळ मी तिच्याकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं, याची लाज वाटली.

तो धापा टाकत परत आला. बाटलीवर त्याचं नाव होतं, तपासणीच्या आधीच्या आठवड्यातली तारीख होती. त्या दवाखान्यात फोन करून मी खात्री केली आणि लिहिलं: डॉक्टरांनी दिलेल्या औषधामुळे, निकाल निर्दोष.

“सुटलात,” मी म्हटलं. “पण हे पिऊन क्रेनवर चढत होतात? डुलकी लागली असती तर खालच्या माणसांचं काय? औषध संपेपर्यंत जमिनीवरचं काम. आणि छातीचा एक्स-रे काढायचा, आजच.”

“हो मॅडम, आजच,” तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. मग भीत भीत बायकोकडे वळला. “चिडलीस?”

ती माझ्याकडे वळली. “मॅडम, ती तिसरी ओळ परत वाचता? मघाशी डोकं ठिकाणावर नव्हतं.”

मी घाईत उरकलेली ओळ. या वेळी सावकाश वाचली. “हेरॉइनची खूण आढळली नाही.”

“अजून एकदा.”

मी पुन्हा वाचली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथेच, माझ्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली.

तो बाटली हातात धरून नुसता उभा. “अगं,” तो म्हणाला, “तुला ते वाटलं होतं?”

तिने डोकं न उचलताच त्याच्या हातावर एक फटका मारला आणि तोच हात घट्ट धरून ठेवला.