मान कोणी हलवली

हात थरथरायला लागून सहा महिने झाले होते, पण सलूनवाल्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. शर्टाची बटणं तो पाठमोरा होऊन लावायचा. वस्तरा मात्र असं झाकून ठेवू देत नाही. एका सकाळी मास्तरांची दाढी करताना वस्तरा घसरला आणि त्यांच्या कानाच्या पाळीला चांगलीच चीर गेली. बाकावर तीन गिऱ्हाइकं बघत होती.

"मान हलवलीत की हो तुम्ही!" तो खेकसला.

मास्तर वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कानाला टॉवेल दाबत म्हणाले, "हलली असेल रे. माझंच चुकलं."

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माफी त्याच्या घशात हाडकासारखी अडकली. मास्तर पुन्हा आले नाहीत. रस्त्यात दिसले की तो गल्ली बदलायचा.

शेवटी आमटी वाढून घेताना त्याच्या हातून भांडं निसटलं आणि बायकोला सगळं कळलं. तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी असे आजारी जमायचे. "तुम्ही जाणार आहात," बायको म्हणाली. आवाज असा होता की नाही म्हणायची सोयच नव्हती.

पहिले दोन गुरुवार तो हात खिशात घालून बसला. लोक बोटांचे व्यायाम करायचे, एकमेकांची खेचायचे. तिथे कप अर्धेच भरत. तो चहा घेतच नसे.

तिसऱ्या गुरुवारी शेजारी बसलेल्या एका कॅशियरबाईंचा कप कलंडला. तो सावरायला त्याने झटकन हात काढले, आणि कपाबरोबर तेही थडथडू लागले.

"अरे वा! हे तर आपल्यातलेच निघाले," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, खिशात काही खाऊ आहे."

सगळे खदखदून हसले. तोही हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग मास्तरांच्या कानाची हकिगत त्याने मान खाली घालून सांगितली.

"मास्तरांना सांगितलंत हे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आम्हाला सांगून काय उपयोग? कान काय आमचा कापला होता?"

या वेळी कोणीच हसलं नाही. "एकटं जाववत नसेल तर मी कोपऱ्यापर्यंत येते," बाई हळूच म्हणाल्या.

त्या खरंच आल्या. मास्तरांच्या दारात सलूनवाल्याने चपला काढल्या. "मान तुम्ही हलवली नव्हती," एवढंच कसंबसं निघालं. "हात माझा हलला. चार माणसांत मी दोष तुमच्यावर ढकलला."

मास्तरांनी कानाच्या पाळीवरून बोट फिरवलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण तू सांगशील म्हणून वाट बघितली. महिनाभर. मग सोडून दिलं."

तो महिना त्याला वस्तऱ्याच्या घावासारखा लागला. माफ केलं, असं मास्तर म्हणाले नाहीत, आणि त्यानेही माफी मागितली नाही.

आता तो वस्तरा धरत नाही. केस मशीनने कापतो, तेही कोपर खुर्चीला टेकवून. नवं गिऱ्हाईक आलं की आधी हात दाखवतो. दर वेळी शरमेने त्याचे कान गरम होतात. काही जण उठून जातात, बरेचसे बसतात. मागच्या आठवड्यात मास्तर आले. केस कापून घेतले.

"दाढी मात्र मी घरीच करतो," ते जाताना म्हणाले.

"तेच बरं," तो म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावरचे केस झटकू लागला.