तीनदा ओढलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि ज्या बाईच्या दाराला मी तेहेतीस वर्षं लटकलो तिचा मला मनापासून राग आहे. आपली कहाणी सांगताना मालकाचे गोडवे गायचे असतात म्हणे. मला ते जमणार नाही.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, घासलं. एका कारागिराने मला कानाशी धरून माझी 'खट्' ऐकली आणि मान डोलावली. तेवढंच काय ते माझं कौतुक. मग भिवंडीच्या बाजारातून मला जवळच्या शेलार गावच्या दामूने नेलं. तो कापडाच्या लूमवर ड्युटीला जायचा, त्याची बायको गोदू भाजी विकायला. घरातून सगळ्यात शेवटी निघायची त्यांची सात वर्षांची मेघाली. माझी किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातली आणि घर तिच्या हवाली केलं.

एकदा शाळेला उशीर झाला म्हणून तिने मला कडीत नुसतं अडकवलं, दाबलंच नाही. शेजारची शेळी आत शिरली. भाकऱ्या खाल्ल्या, तांदूळ सांडले, गाडगं फोडलं. गोदू पोरीवर हात उगारणार, तेवढ्यात दामू मध्ये पडला. म्हणाला, पोरीचं काय न्हाय चुकलं, कुलूपच बोगस हाय. आणि त्याने मला दगडाने दोनदा ठेचलं. मेघाली खाली मान घालून उभी होती. चूक तिची होती हे तिला ठाऊक होतं, पण माझी बाजू घेऊन ती एक शब्द बोलली नाही. तो व्रण अजून माझ्या पाठीवर आहे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून ती मला लावल्यावर तीनदा ओढायची. अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा तीनदा. दहावीच्या निकालाच्या दिवशी तर तिने मला पाच वेळा हिसडलं. जणू मी उघडलो की ती नापासच होणार होती.

लग्न होऊन ती मला सोबत घेऊन भिवंडीत आली. नवरा भूपेश टेम्पो चालवायचा, आठवडा आठवडा बाहेर. त्याने आणलेलं चकचकीत कुलूप काढून तिने मला लावलं, तेव्हा मला वाटलं, बसला एकदाचा विश्वास. कसलं काय! तिच्या लहान मुलीला ताप आला, ओढ कुलूप. भूपेशचा फोन लागला नाही, ओढ कुलूप. ती कामाला जायची त्या वडपे गावच्या गोडाऊनमध्ये माणसं कमी करणार अशी कुजबुज झाली, ओढ कुलूप. काळज्या तिच्या आणि हिसके मला. एवढ्या वर्षांत मी एकदाही दगा दिला नाही, तरी तिचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. माणसांवर तर त्याहून नव्हता. कोणाकडे म्हणून तिने कधी मदत मागितली नाही.

दामू गेल्यावर गोदू तिच्याकडे राहायला आली. हळूहळू म्हातारीला विसर पडू लागला. एका दुपारी ती शेलारला जाते म्हणून निघाली आणि हायवेवर ट्रकांच्या मधोमध भरकटताना सापडली. दुसऱ्या दिवशी मेघालीने आईला जेवण वाढलं, बाहेर आली, दार ओढलं आणि मला लावलं.

मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला पाय नाहीत. मी चोराला बाहेर ठेवायला जन्मलो होतो. महिनाभर म्हातारी आतून दार वाजवत राहिली आणि मी गप्प लटकत राहिलो.

मग एक दिवस मेघाली सवयीप्रमाणे रिक्षा स्टँडवरून परत आली. तिने मला ओढलं. एकदा. दोनदा. आतून, अगदी दाराशी, गोदूचा आवाज आला.

"मेघे, मी काय गुन्हा केला गं? सांग तरी. पुन्हा न्हाय करणार."

तिसरा हिसका बसलाच नाही. किल्ली लावण्याच्या घाईत तिने मला चार ओरखडे पाडले. दार उघडून ती उंबऱ्यातच बसली.

"आये, तुझा काय गुन्हा न्हाय," ती म्हणाली. "मीच घाबरते."

तिचं रडणं ऐकून शेजारची हौसा बाहेर आली. तिला म्हातारीची हाक महिनाभर ऐकू येत होती, पण मेघालीला राग येईल म्हणून ती गप्प होती. आता गोदू दुपारी हौसाकडे मेथी निवडत बसते. अर्धे देठ निवडलेल्या पाल्यातच जातात, आणि हौसा कुरकुरते.

माझा राग गेलेला नाही. मेघाली अजूनही मला तीनदा ओढते. तुम्हीही आपल्या कुलपांना खुशाल ओढा, आम्ही सोसू. पण घरात कोणी असेल तर बाहेरून आम्हाला लावण्याआधी शेजारचं दार वाजवा. बाहेर चोर आहे की आत आई आहे, हे आम्हाला कळतं. पण आम्हाला आपणहून उघडता येत नाही.