नव्वद दिवसांचं पाणी

दात किडू नयेत म्हणून आमच्या गावाच्या पाण्यात पंपाने फ्लोराइड सोडायचं काम मी सव्वीस वर्षं केलं. अमेरिकेतल्या आयोवातलं चौदाशे वस्तीचं गाव. गरिबांच्या सरकारी विमा-कार्डावर मुलांचे दात बघणारा डॉक्टर सत्तर मैलांवर. पोरांच्या दातांना राखण होती ती माझ्या त्या पंपाचीच.

हिवाळ्यात नगरसभेने तो बंद करायचा ठराव केला. पुढाकार माझ्या सख्ख्या बहिणीचा, लोर्नाचा. सभेत बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. मी तक्ते दाखवत बसलो. तिने सुजलेला गुडघा दाखवला, हे फ्लोराइडनेच झालं म्हणाली आणि बाजी मारली.

आठवड्याभरात गाव ठणठणीत झालं. कुणाचं पित्त गेलं, कुणाला झोप लागायला लागली. चर्चच्या जेवणात लोर्ना मला बटाटे वाढताना म्हणाली, "व्हर्ल, जिना चढते मी आता. इतकी वर्षं विष पाजलंस रे बाबा."

मी खाली मान घालून जेवलो. पंप चालूच होता. गावाला नव्वद दिवस आधी कळवल्याशिवाय तो बंद करता येत नाही, असा नियम. तसं मी पाण्याच्या बिलामागे छापलंही होतं. बिलाची मागची बाजू वाचतो कोण?

ऐंशीव्या दिवशी पुन्हा सभा होती. ठराव अजून फिरवता आला असता. मी उठलो आणि म्हणालो, "पंप एक दिवसही बंद नव्हता. तुम्ही बरे झालात ते फ्लोराइड पिऊनच."

वाटलं, खजील होतील. कसचं काय!

"आम्ही नको म्हटल्यावरही पाजत होतास?" लोर्ना म्हणाली. "तरीच म्हटलं, गुडघा पुन्हा का ठणकतोय."

"बिलावर लिहिलं होतं, लोर्ना."

"मुंगीएवढ्या अक्षरात."

मला नोकरीवरून काढलं, पाच विरुद्ध शून्य मतांनी. परवानावाला दुसरा माणूस मिळेपर्यंत मात्र तूच ये म्हणाले.

नव्वदाव्या दिवशी लोर्ना स्वतः आली, पंप डोळ्यांदेखत बंद करून घ्यायला. सोबत तिची सहा वर्षांची नात, मेसी. पुढचे दोन दुधाचे दात पडलेले, नवे डोकावणारे.

मी बटण बंद केलं. लोर्नाचा संताप आलाच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा. ऐंशीव्या दिवशी सभेत मिळालेल्या तीन मिनिटांत मी गावाचं हसं केलं. पोरांच्या दातांबद्दल एक अक्षर बोललो नाही.