तारेवरची कातडी

कारंजा घाडग्याजवळच्या नाल्यात वाघीण मरून पडली, ती खबर नाल्याकाठी शेत असलेल्या चंद्रभाननं दिली. तिच्या पुढच्या पंज्यावर काळा, जळका चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, करंट. पण आसपास तार कुठंच नव्हती.

वनरक्षक रोशनीनं नाल्याकाठची चारही शेतं धुंडाळली. रानडुकरांसाठी कोण तारेत वीज सोडतो हे गावाला ठाऊक असतं, सांगत कुणी नाही. चंद्रभानच्या गुरांच्या कोठ्यात, कडब्यामागं तारेचं वेटोळं निघालं. त्याला कातडीचे जळके पापुद्रे चिकटले होते. तिनं ते पंचांसमोर सील केलं.

"जुनी तार हाय पोरी. माह्यावर काऊन शक घेऊन राह्यली?" चंद्रभान म्हणाला.

दीड महिन्यानं प्रयोगशाळेचा अहवाल आला. एक पापुद्रा वाघिणीचा. दुसरा माणसाचा, पुरुषाचा.

रोशनीनं ते वाक्य तीनदा वाचलं, आणि तिला धुरपता आठवली. तिचा नवरा राकेश आषाढात नाल्यावर मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. 'हायवेवर ट्रकात चढताना पाह्यला मी त्याले,' असं चंद्रभाननंच पोलिसांना सांगितलं होतं. बाईच्या नादी लागून पळाला, असं गाव म्हणे. तुझ्याच जाचानं गेला, असं सासू यशोदाबाई म्हणे.

पोलिसांसोबत रोशनी धुरपताच्या घरी गेली.

"लेकीचं रक्त कायले पाह्यजे, मॅडम?"

"तारेवर माणसाची कातडी सापडली, ताई. राकेशची हाय का, ते लेकीच्या रक्तावरून समजते."

धुरपतानंच पोरीचा हात पुढं केला.

रक्त जुळलं. ठाण्यात चंद्रभान ढसाढसा रडला. "सकाळी गेलतो, तं तो तारेवर पडला होता. भेव वाटलं. धुऱ्यावरच गाडला."

"अन् तार? तशीच ठेवली?" रोशनीनं विचारलं.

"डुकरं थांबत नाईत नं, मॅडम."

रोशनीला उठून बाहेर जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रभानच्या शेताचा बांध खोदला. हाडं निघाली, शर्टाची चिंधी निघाली. धुरपता उन्हात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. यशोदाबाईनं रडत येऊन तिचा हात धरला. धुरपतानं तो सोडवून घेतला नाही, पण सासूकडं पाहिलंही नाही.