न पुकारलेलं नाव

मित्रांनो, ओरडणं हाच माझा धंदा. मी एक जुना कर्णा आहे, लग्नात मांडवाच्या आणि सभेत चौकाच्या खांबावर तोंड वासून बसतो तो. पूर्वी पोरं मला कौतुकानं भोंगा म्हणायची. अलीकडे भोंगा म्हटलं की लोक आधी त्याचा धर्म विचारतात. मी पत्र्याचा आहे. पत्र्यानं काय सांगावं?

कारखान्यातलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा मी मुकाच होतो. मला आवाज दिला जयसिंगपूरच्या अमीनभाईंनी. त्यांनी मला आवाज वाढवायच्या मशीनला जोडलं, टिचकी मारून पाहिलं आणि माझ्यातून पहिला शब्द काढला, "हॅलो." तेव्हापासून मी सगळ्यांचा झालो. गणपतीच्या आरत्या, उरूस, साखर कारखान्याची निवडणूक, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं मी एकाच घशानं सांगितलं. एकदा माझ्यात चिमणीनं घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत अमीनभाईंनी मला कामाला लावलं नाही.

माझ्यातून बोलायच्या पूर्णिमाताई. प्रचाराच्या रिक्षात माइक धरून त्यांनी सारा जिल्हा पालथा घातला आणि त्यावर त्या लिहायच्या. लोक प्रवासात किल्ले बघतात, समुद्र बघतात. ताई चौक बघायच्या. लिहिलेलं रिक्षातच वाचून दाखवायच्या. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'पूर्वी बाया रिक्षा अडवून विचारायच्या, नळाला पाणी कधी? आता पाणी कुणी मागत नाही. आता विचारतात, तुम्ही कुणाच्या?' आणि त्याच्याच खाली, 'शिंक दिल्लीला येते, आणि रुमाल ओढतात आमच्या गल्लीतल्या माणसाच्या खिशातला.' अमीनभाई हसले होते. तेव्हा हसता येत होतं.

मग कागलच्या बाजूला ती सभा झाली. राजवर्धनदादा बोलायला उभे राहिले. हे तेच पुढारी, ज्यांचा प्रचार आमच्याच रिक्षातून झाला होता. ते म्हणाले, मांडव आपल्या माणसाचा घ्या, आवाजही आपल्याच माणसाचा घ्या, त्यांच्या भोंग्यावर विसंबू नका. हे ते माझ्यातूनच म्हणाले. अमीनभाई मशीनपाशी बसले होते, खटका हाताशी होता. त्यांनी तो बंद केला नाही. भाड्यानं दिलेला आवाज मध्येच तोडायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. टाळ्या पडल्या. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते मिटता येत नाही. ज्यानं मला बोलतं केलं, त्याच्याविरुद्ध मला चौकभर ओरडावं लागलं, तेही खणखणीत. त्या दिवसापासून मला सूड हवा होता.

मंडळं एकेक करून गळाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. यंदा साधंच करायचं ठरलंय, म्हणायचे, आणि त्याच गल्लीत दुसऱ्याचा आवाज घुमायचा. मी फळीवर धूळ खात पडलो. राजारामपुरीतला जुन्या मशिनी घेणारा माणूस येऊन मला वाजवून बघून गेला. अमीनभाईंनी ठरवलं, अनुजाचं लग्न एवढं करायचं आणि सगळं विकून टाकायचं.

अनुजा ही आण्णांची लेक. आण्णा शिरोळकडचे शेतकरी. त्यांच्या स्वतःच्या लग्नात अमीनभाईंच्या वडिलांचा कर्णा वाजला होता, त्यामुळं लेकीच्याही लग्नात त्याच घरचा वाजणार, कुणी काही म्हणो, असं त्यांनी भावकीला ठणकावून सांगितलं होतं.

आमच्याकडे लग्नात पाहुणा आला की माइकवर त्याचं नाव पुकारून स्वागत करतात. नाव राहिलं तर माणसं ताटावरून उठतात. पुढारी तर नाव ऐकल्याशिवाय आत पाऊलच टाकत नाहीत.

राजवर्धनदादा आले आणि झब्बा सारखा करत दारात थांबले. पूर्णिमाताईंनी त्यांना नीट पाहिलं. मग त्यांनी दूध डेअरीच्या चेअरमनांचं स्वागत केलं. नवरदेवाच्या आत्याबाईंचं केलं. आचाऱ्याचं केलं, वाढप्यांचं केलं. एका कार्यकर्त्यानं दादांच्या नावाची चिठ्ठी आणून दिली, ती ताईंनी चहाच्या कपाखाली ठेवली. दुसरी आली, तीही तिथंच गेली. मी खांबावरून बघत होतो. एवढं सुख मला कुठल्या आरतीत मिळालं नव्हतं.

आण्णा घामाघूम होऊन आले. "ताई, नाव घ्या की. पावणं दारात उभं हाईत."

"आण्णा, त्यांनीच भर सभेत सांगितलंय, ह्या भोंग्यावर विसंबू नका म्हणून. आता त्यांचं नाव ह्यातनंच घेऊन त्यांचा शब्द मोडू व्हय मी?"

 आण्णांना एकाएकी आठवलं, की आचाऱ्याकडं आपलं काम आहे.

शेवटी दादा न पुकारताच आत आले ते थेट मशीनपाशी, आणि हे काय चाललंय म्हणून अमीनभाईंवर गुरकावले. अमीनभाई उठले. ताईंकडून माइक घेतला, रुमालानं पुसला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

"चालू हाय, दादा. तुम्हीच घ्या की तुमचं नाव."

सगळा मांडव बघत होता. न घ्यावा तर शोभा, घ्यावा तर स्वतःचं स्वागत स्वतःच. दादांनी हसरं तोंड करून माइक घेतला आणि फोटोसाठी मोकळी जागा शोधत नेमके माझ्या तोंडासमोर येऊन उभे राहिले. माइक माझ्यासमोर आला की मी किंचाळतो. अमीनभाई हे प्रत्येकाला आधी सांगतात, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींनासुद्धा. दादांना सांगितलं नाही.

"मी राज..." एवढंच त्यांचं बाहेर आलं. पुढं सगळा मीच होतो. जन्मभर दुसऱ्यांचं ओरडलो, हे मात्र माझं स्वतःचं. बुंदीचं ताट कलंडलं, फेटे कानांवर आले. आधी पोरं हसली, मग आत्याबाई, मग भावकी. दादा माइक टाकून गेले, ते अक्षतांनाही थांबले नाहीत.

मला अजून हवं होतं. पण अनुजानं मुंडावळ्यांसकट कान दाबून धरले होते, ते बघून अमीनभाईंनी आवाज उतरवला.

परतताना टेंपोत ताईंनी विचारलं, उद्या राजारामपुरीचा माणूस येणार ना? अमीनभाई माझ्यावरची धूळ बाहीनं पुसत होते.

"त्याला नको म्हणून सांगतो. अजून लई लग्नं हाईत, आणि दादा समदीकडं जेवाय जात्यात."

मंडळं परत आली नाहीत, तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण मी विकला गेलो नाही. मित्रांनो, जुन्या कर्ण्याला पावसात झाकून ठेवा, त्याच्या वायरी उंदरांपासून जपा, आणि ज्याच्या वायरीवर बोलता त्याच्या घरावर बोलू नका. मोठी माणसं सांगतात, क्षमा करावी. ज्यांना जमेल त्यांनी करावी. मी खांबावर बसून दारात कोण उभं राहतंय ते बघतोय.