जुन्या कोर्टातला पुकारा

“काका, आजचा हा पुकारा माझ्यावर सोडा,” कारकून हळूच म्हणाला. “तुम्ही आत बाकावर बसा.”

“का? माझा घसा बसलाय का?”

“तसं नाही हो. पण नाव कोणाचं आहे ते...”

“ठाऊक आहे. मीच ठेवलंय ते.”

कारकुनाने यादीचा कागद त्याच्या हातात दिला.

अख्खं कोर्ट या काकाला भोंगा म्हणायचं. अगदी तोंडावर म्हणायचं, आणि तोही ओ द्यायचा. खटल्याची वेळ झाली की व्हरांड्याच्या कठड्याशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, एवढंच त्याचं काम. पण त्याचा आवाज असा, की डुलक्या घेणारे वकीलसुद्धा आपलंच नाव आलं की काय म्हणून दचकायचे.

कोर्टाची ही दगडी इमारत बांधली तेव्हा लाउडस्पीकर नव्हते. म्हणून व्हरांडा मुद्दाम उंच काढलेला, चौकाकडे तोंड करून. समोर टाउन हॉल, एका अंगाला पोस्ट, दुसऱ्या अंगाला कोषागार. सगळ्या इमारती एकाच खाणीच्या दगडातल्या. एके काळी शहराचा कारभार याच चौकात चाले. जन्माची नोंद टाउन हॉलात, सरकारी तिजोरी कोषागारात, ख्यालीखुशाली पोस्टात आणि भांडणं कोर्टात. पुढे एकेकीला उतरती कळा लागली. पोस्टात आता कॉफीचं दुकान होतं, कोषागारात बुटांचं. टाउन हॉलला लोखंडी टेकू देऊन कुलूप ठोकलेलं. राहता राहिलं कोर्ट. तेही सोमवारपासून शहराबाहेर काचेच्या नव्या इमारतीत निघालं होतं. तिथे नावं पडद्यावर उमटणार होती. भोंग्याला तिथे काय काम देणार हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

त्याच्या जिवाला आज दुसराच घोर होता. सात वर्षांपूर्वी त्याचा मुलगा कामाला म्हणून घरातून निघाला, तो परतलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, शवागारंही पालथी घालून झाली. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला कायदा मेलेला धरतो. तसा अर्ज सुनेने केला होता. म्हणजे करायला त्यानेच लावला होता.

“पोरी, माझ्या मुलाची वाट बघत तू म्हातारी व्हायचं, हे मला बघवणार नाही,” तो तिला म्हणाला होता. तिला मागणी घालणारा माणूस भला होता. सगळं त्याला पटत होतं. फक्त निकालाआधी रीतीप्रमाणे मुलाच्या नावाचा तीनदा पुकारा व्हायचा होता, आणि तो दुसऱ्या कोणी करावा हे त्याला सहन होणार नव्हतं. आशा मोठी चिवट असते. कोणाच्या हाकेला आला तर आपल्याच हाकेला येईल, असं त्याला आतून वाटत होतं.

तो कठड्याशी उभा राहिला. आधी मुलाचं नाव, मग बापाचं म्हणजे स्वतःचंच, मग आडनाव.

“हजर आहे काऽऽऽ?”

आवाज टाउन हॉलवर आपटून परत आला. कॉफी पिणाऱ्या माणसांनी माना वर केल्या.

दुसऱ्या पुकाऱ्याला टाउन हॉलच्या पायरीवरचा एक जण वळला. तोच बांधा, तशीच मान. भोंगा कठड्यावरून पुढे झुकला. पण तो कोणी पार्सलवाला होता. त्याने स्कूटर सुरू केली आणि तो निघून गेला.

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“बबड्याऽऽऽ! ये रेऽऽ!”

शाळा सुटली की पोरगं त्याच पायऱ्यांवर खेळत बसायचं, आणि इथून ही हाक गेली की दप्तर सावरत धावत यायचं. चौक हसायचा. आज कोणी हसलं नाही.

कारकून बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते. “काका, ही हाक धरता येत नाही हो. कागदावरचंच नाव लागतं.”

“म्हणजे पुन्हा?”

“पुन्हा. द्या, मी करतो.”

“नको.”

त्याने पुन्हा पूर्ण नाव घेतलं. थांबायचं त्याहून बराच जास्त थांबला. मग आत जाऊन न्यायाधीशबाईंसमोर उभा राहिला. “कोणी हजर नाही,” हे वाक्य तो रोज पानावर चुना लावल्यासारखं सहज बोलायचा. आज त्याला ते दोन तुकड्यांत बोलावं लागलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग लिहायला घेतलं.

बाहेर सुनेने त्याचे हात धरले. “बाबा, मला माफ करा.”

“वेडी आहेस का? सुखानं राहा. आणि येत जा घरी.” एवढं बोलून तो जिना उतरला.

बायकोला हा अर्ज मुळीच मान्य नव्हता. सकाळपासून तिने अबोला धरला होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती उंबऱ्यापाशीच बसली होती.

“मोठ्यानं मारली होती ना हाक?” तिने विचारलं.

“हो. अख्ख्या चौकात ऐकू गेली.”



“मग ऐकली असेल त्यानं,” ती म्हणाली. “रागावलाय. यायचं नसेल त्याला.”

कायद्याने काय ठरलं ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“हो,” तो म्हणाला. “तसंच असेल.”

ती त्याच्यासाठी पाणी आणायला उठली. तो गणवेशाची बटणं काढत दारातच उभा राहिला.