आजोबांच्या छातीवरचे पुस्तक

मी एक जुने कवितांचे पुस्तक आहे, मित्रांनो, आणि मातीखालून बोलत आहे. घाबरू नका.

ऱ्हाइन नदीकाठच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझा कवी जन्माने ज्यू, पण वकिली करता यावी म्हणून ख्रिस्ती झालेला. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्याची संध्याकाळ त्याने इतक्या मायेने लिहिली, की वाचताना ताज्या पावाचा वास यावा. त्याच पानामागे मात्र त्याने ज्यू फेरीवाल्याची टर उडवली होती. वर त्या फेरीवाल्याचे कुबडे चित्रही होते.

एका खेड्यातल्या येटे नावाच्या मुलीने मला जपले. दर शुक्रवारी मेणबत्त्यांपाशी बसून ती आंधळ्या मेंडेल आजोबांना शब्बाथची कविता वाचून दाखवी. पानामागून उजेड आला की ओळींमध्ये तो कुबडा उमटे. ज्योत हलली की चालू लागे. एकदा येटे वाचता वाचता थांबली.

"का गं थांबलीस?"

"मागे चित्र आहे, आजोबा. पाठीवर गाठोडं घेतलेला माणूस... घरी निघालाय."

"अगं, म्हणजे मीच की!" जन्मभर फेरी केलेले आजोबा हरखले. "लिहिणारं पोरगं बाटलं, पण आपल्याला विसरलं नाही हो!"

ते गावभर सांगत सुटले. मला फार लाज वाटली.

एका शनिवारी येटेचे वडील आन्शेल यांनी मागचे पान वाचले. शब्बाथ संपेपर्यंत विस्तवाला हात लावायचा नसतो. "तारे दिसू देत, मग घालतो चुलीत," म्हणत त्यांनी रागारागाने मला प्रार्थनेच्या पुस्तकांच्या फळीवर टाकले. आजोबा तिथे चाचपडत आले आणि मी खाली पडले. पडलेल्या पोथीला लावतात तसे त्यांनी मला ओठ लावले.

"बाबा, अहो, ते त्या बाटग्याचं आहे!"

"असू दे रे. ओठ लागले ना? आता ती पोथी झाली. पोथी जाळत नाहीत, पुरतात. माझ्याबरोबर पुरा."

आन्शेल यांनी मला परत फळीवर ठेवले. म्हाताऱ्याला मागच्या पानाचे सांगणार तरी काय?

थंडीत आजोबा गेले. मला त्यांच्या छातीवर ठेवले. येटे कबरीपाशी पुटपुटली, "आजोबा, मी खोटं बोलले हो."

ते आजोबांनी ऐकले असावे. आता दर शुक्रवारी माझ्याखालून हळूच त्यांचा आवाज येतो, "मागे काय लिहिलंय गं? वाच की." मी गप्प राहते. ओलीने शब्बाथची कविता पुसून गेली आहे. मागची तेवढी शाबूत आहे.

मित्रांनो, पुस्तक जाळू नका, आणि डोळे मिटून त्याला ओठही लावू नका. ते ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याला जिवंतपणीच सगळे वाचून दाखवा. मेलेल्या माणसाला थाप मारता येत नाही.